नाही म्हणणाऱ्याचे कान

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. हवं तर माझ्या गळ्याची शपथ. म्हणजे गळा माझा आहे, गोष्ट दुसऱ्याची आहे, आणि ज्याने मला सांगितली त्याला बस पकडायची होती, म्हणून मधला भाग त्याने जरा पळतच सांगितला. तेव्हा नव्वद टक्के धरा. उरलेल्या दहा टक्क्यांत फर्निचर आहे.

१

एक माणूस होता. कान तपासायचा. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, लिफ्टच्या मागे त्याची खोली, आणि त्या खोलीच्या आत आणखी एक छोटी खोली: जाड दाराची, आतून गादीसारख्या भिंतींची, एका माणसापुरती. पेशंट आत बसायचा, कानाला हेडफोन लावून. कानवाला काचेच्या अलीकडे. बटण दाबलं की आत बारीक 'टीं' व्हायचं. ऐकू आलं की बोट वर, थांबलं की बोट खाली. मधूनमधून कानवाला माइकमध्ये विचारायचा, "ऐकू येतंय का?" पंधरा वर्षं तो दिवसभर हेच विचारत होता.

या कामात एक छोटीशी लबाडी असते. मधेच तो बटण दाबल्यासारखं करायचा आणि दाबायचाच नाही. याला तो कोरी फेरी म्हणायचा. दहातले तीन जण कोऱ्या फेरीत बोट वर करतात. खोटं बोलत नाहीत बिचारे. एवढं मशीन आहे, समोर माणूस ताटकळत बसलाय, आपण नाही म्हटलं तर कसं दिसेल, असं त्यांना वाटतं. लोकांना मशीनचं मन मोडवत नाही, असं कानवाल्याचं ठाम मत होतं.

त्याला आता तळघरातून वर यायचं होतं. पहिल्या मजल्यावर एक जागा बघून ठेवली होती, खिडकीवाली. स्वतःची पाटी, स्वतःचं मशीन, वर कोणी डॉक्टर नाही. पैसे बायकोच्या वाट्याचे होते. सासऱ्यांचं दुकान विकून आलेली रक्कम बहीण-भावाच्या सामाईक खात्यात होती, आणि अर्धी या जागेसाठी, हे घरात सगळ्यांच्या देखत ठरलं होतं. मेहुण्याच्याही देखत. तो त्यांच्याकडेच राहायचा. तात्पुरता. चार वर्षं झाली होती.

एका रविवारी सकाळी मेहुण्याने सगळ्या रकमेचा चेक लिहून दिला आणि स्टिरिओ घेऊन आला.

२

दोन स्पीकर, माणसाच्या उंचीचे. दोन अ‍ॅम्प्लिफायर: एक नुसता उजव्यासाठी, एक नुसता डाव्यासाठी, जणू दोघांचं आपसात पटत नाही. आणि एक लाकडी पेटी, आतून मखमल, त्यात वायर.

"ही वायर केवढ्याची?" कानवाल्याने विचारलं.

"भावोजी, वायर नका म्हणू. केबल."

"केबल केवढ्याची?"

"एका स्कूटरएवढी."

"दीड मीटर?"

"दोन्ही बाजू धरून तीन."

"मग एक स्कूटर की दोन?" आतून बायकोने विचारलं.

मेहुण्याने मखमल नीट केली.

कानवाल्याची बायको लोकांना गाडी चालवायला शिकवायची. रोज दहा नवशिक्यांच्या शेजारी बसून तिची घाबरण्याची सवय केव्हाच मोडली होती. ती बाहेर आली, स्पीकरकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझे अर्धे कुठले? डावे की उजवे?"

सोबत स्टिरिओचा दुकानदार आला होता. मऊ बूट, मऊ आवाज. तो घाईघाईने मध्ये पडला नाही. बहीण-भावाचं बोलून होईपर्यंत खिडकीबाहेर बघत उभा राहिला, आणि मग म्हणाला, "पंधरा दिवस ठेवा. तोवर चेक माझ्या ड्रॉवरमध्ये. पंधराव्या दिवशी मी येतो. या घरात जो सगळ्यात जास्त नाही म्हणतो, त्याने 'ऐकू आलं' म्हटलं तरच चेक भरीन. नाहीतर सेट उचलतो आणि चेक तुमच्यासमोर फाडतो."

"आणि बाकीचे हो म्हणाले तर?"

"हो म्हणणारे दुकानातूनच हो म्हणत येतात साहेब. त्यांचं मी धरत नाही."

"ऐकू काय यायला पाहिजे?"

"गाणं नाही. गाणं मोबाइलवरही ऐकू येतं. काही न लावता चार मिनिटं बसायचं. चांगल्या सेटची किंमत शांततेत कळते."

कानवाल्याला हसू आवरायला खोकावं लागलं. म्हणजे हा माणूस त्याच्याच घरात येऊन त्याच्यावर कोरी फेरी घेणार होता. पंधरा वर्षांत त्याचं स्वतःचं बोट कोऱ्या फेरीत कधी हललं नव्हतं. त्याने हात पुढे केला. दुकानदाराने तो दोन्ही हातांनी धरला आणि, हे कानवाल्याला नंतर आठवलं, त्याच्या चेहऱ्याकडे न बघता उजव्या कानाकडे बघितलं.

३

त्याच दुपारी कानवाल्याने मेहुण्याची परीक्षा घेतली. मध्ये चादर टांगली. चादरीमागे एकीकडे स्कूटरच्या किमतीची केबल, दुसरीकडे इस्त्रीची जुनी वायर. एकच गाणं, वीस वेळा. मेहुण्याने कागदावर लिहायचं, महाग की स्वस्त.

वीसपैकी अकरा बरोबर आले.

"अकरा म्हणजे पास," मेहुणा म्हणाला.

"नाणं उडवलं असतं तरी दहा आले असते."

"म्हणजे एक तरी माझा स्वतःचा आहे ना."

कानवाला मजेत होता. त्याने सेटचा प्लग भिंतीतून उपसून हातात धरला आणि चादरीमागून शांतपणे म्हणाला, "आता शेवटची. दुकानदार म्हणाला तशी. काही न लावता. ऐकू आलं तर बोट वर, थांबलं तर खाली."

चादरीच्या फटीतून त्याला मेहुणा दिसत होता. डोळे मिटलेले, हात मांडीवर. तिसाव्या सेकंदाला मेहुण्याचं बोट वर गेलं.

अपेक्षेप्रमाणेच झालं. एक गोष्ट मात्र खटकली. कोऱ्या फेरीतलं बोट कसं असतं ते कानवाल्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. ते अर्धवट उठतं, घुटमळतं, परवानगी मागतं. हे तसं नव्हतं. हे सरळ वर गेलं, अकरा सेकंद ठाम राहिलं आणि खाली आलं. मग पुन्हा वर. चार मिनिटांत सात वेळा.

कानवाल्याने चादर बाजूला केली आणि हातातला प्लग दाखवला.

"काय ऐकलंस?" कानवाल्याने विचारलं.

"चालणं. कोणीतरी चालत येतं, थांबतं. परत चालतं." त्याने दाराकडे बघितलं. "पण खोली आपली नाही भावोजी. मोठी आहे. आपल्या खोलीत एवढी पावलं मावत नाहीत."

४

"नाटक करतोय तो," बायको म्हणाली. "लहानपणी शाळा बुडवायला पोटात दुखायचं त्याच्या. डॉक्टर आला की कोणत्या बाजूला ते विसरायचा. मी बसते त्याच्याबरोबर."

दोघं पाठीला पाठ लावून स्टुलांवर बसली. प्लग काढलेला, सगळ्यांच्या देखत टेबलावर ठेवलेला. कानवाल्याने हातात घड्याळ धरलं.

पस्तिसाव्या सेकंदाला दोघांची बोटं एकदम वर गेली.

एकमेकांना न बघता, एकाच क्षणी वर, एकाच क्षणी खाली. सहा वेळा. शेवटच्या वेळी बायकोचं बोट वर असताना तिने डोळे उघडले आणि कानवाल्याकडे बघितलं. त्याच्या थोडं पलीकडे बघितलं, असं म्हणायला हवं. मग ती उठली आणि गाडी शिकवताना वापरायची त्याच आवाजात, अगदी सपाट, म्हणाली, "खुर्ची ओढली कोणीतरी."

"वरच्या मजल्यावर."

"नाही. इथे. तुझ्या जवळ."

कानवाला माणूस शास्त्राचा. त्याने वरच्या मजल्यावर जाऊन विचारलं. तिथे कुलूप होतं. पाण्याचा पंप पाहिला, बंद होता. दुसऱ्या दिवशी इस्पितळातून आवाज मोजायचं यंत्र आणलं आणि खोलीच्या चारही कोपऱ्यांत धरलं. यंत्र म्हणालं, खोली शांत आहे. मग त्याने असा निष्कर्ष काढला, की भाऊ-बहीण एकाच घरात वाढली, एकाच तालात श्वास घेतात, पाठीला पाठ लावली की एकाची हालचाल दुसऱ्याला कळते. निष्कर्ष चांगला होता. त्याने तो वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

बायको त्या संध्याकाळपासून त्याच्या उजव्या बाजूला उभी राहीनाशी झाली.

५

मग त्याने मास्तरांना बोलावलं.

मास्तर म्हणजे त्याचे जुने पेशंट, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. दोन्ही कानांनी ठार बहिरे. यंत्र लावलं तर ओरडून बोललेलं कळायचं. यंत्र काढलं तर शेजारी पत्र्याचा डबा पडला तरी मान वळायची नाही, हे कानवाल्याने स्वतः तपासून लिहून दिलं होतं. या माणसाचा कोणाशी ताल जुळणार नव्हता.

मास्तर आले, चहा घेतला, स्पीकर हाताने चाचपून बघितले. "कपाटं छान आहेत," म्हणाले. "खण कुठे आहेत?"

कानवाल्याने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि खाणाखुणांनी काम समजावलं. मास्तरांनी दोन्ही कानांतली यंत्रं काढून खिशात ठेवली. प्लग टेबलावर. बायको आणि मेहुणा बाहेर गेले, ते स्वतःहूनच.

मास्तरांचं बोट लगेच वर गेलं. आणि खाली येईना.

सुरुवातीला ते हसत होते, खूप दिवसांनी कोणी भेटल्यासारखे. मग हसू ओसरलं. मग त्यांनी कानवाल्याकडे जरा नाराजीने बघितलं, वर्गात एखादा मुलगा ऐकत नसला की बघतात तसं. चार मिनिटं झाली. कानवाल्याने थांबण्याची खूण केली. मास्तरांनी यंत्रं परत कानात घातली आणि म्हणाले, "अहो, इतक्यांदा विचारतोय तो. उत्तर द्यावं माणसाने."

"कोण?"

"तुमच्यामागे बसलाय तो."

कानवाल्याने मागे वळून पाहिलं नाही. तिथे भिंत आहे हे त्याला माहीत होतं. त्याची पाठ तिला टेकलेली होती.

"काय विचारतोय?" त्याने विचारलं. मोठ्याने विचारावं लागलं, मास्तरांसाठी.

"ऐकू येतंय का, एवढंच. सारखं. ऐकू येतंय का, ऐकू येतंय का." मास्तर चपला शोधत होते. "आवाज तुमच्यासारखाच आहे. भाऊ का?"

६

दुकानदाराचा फोन लागत नव्हता. म्हणजे लागायचा, उचलला जायचा, आणि पलीकडे कोणी बोलायचं नाही.

इस्पितळात कानवाला जाड दाराच्या खोलीत स्वतः जाऊन बसला. बटणावर नर्सबाईला बसवलं. कान पंचविशीतल्या पोराचे निघाले. सगळे आवाज ऐकले, बारीकातले बारीक. कोऱ्या फेऱ्या दहा, बोट एकदाही नाही.

"तुमच्यासारखा पेशंट रोज मिळाला तर मी दुपारीच घरी जाईन," नर्सबाई म्हणाली.

त्याला खरं तर बरं वाटायला हवं होतं. काचेच्या आत बसून तो बाहेरच्या नर्सबाईकडे बघत होता, आणि त्याच्या लक्षात आलं, की आत बसलेल्याला बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. बाहेरचा माणूस मात्र सगळं बघत असतो, लिहीत असतो, मधेच विचारतही असतो. आतल्याने फक्त वाट बघायची. हा विचार त्याने वहीत लिहिला नाही.

घरी बाहेरच्या खोलीत आता तो एकटाच बसायचा. सेटवर चादर घातली होती. बायको दारातूनच बोलायची.

"जाऊ दे ना ते पैसे," तेराव्या दिवशी ती म्हणाली. "हो म्हणून टाक. जागा काय, दुसरी बघू."

"दोनच दिवस राहिले. मला काहीच ऐकू येत नाही. येणारही नाही. चेक फाटला की परवा जागेची बोलणी करायला जाऊ."

"मला माहितेय तुला ऐकू येत नाही." ती चौकट धरून उभी होती. ज्या बाईने चढावर मागे घसरणाऱ्या गाडीत बसून कधी दार धरलं नव्हतं, ती. "तेच तर सांगतेय. तू उत्तर देत नाहीस म्हणून तो दर वेळी खुर्ची थोडी पुढे घेतो."

"आता कुठे आहे?"

ती उंबरठ्यावरून एक पाऊल मागे सरली. मेहुणा तिच्यामागे उभा होता, चार वर्षांत पहिल्यांदाच तो म्हणाला, "भावोजी, मी दुसरीकडे खोली बघू का? आपण सगळेच बघू या का?"

कानवाल्याला वाटलं, भीती ही साथ असते. एकाला झाली की घरभर होते. त्याला तेवढी झाली नव्हती. त्याने कुशन बदललं आणि तिथेच बसून राहिला.

७

पंधराव्या दिवशी सकाळी अकराला दुकानदार आला. स्वच्छ ऊन होतं. त्याने मऊ बूट बाहेर काढले, चेक खिशातून काढून टेबलावर ठेवला, वर पेपरवेट ठेवला. चादर काढली नाही.

"प्लग लावायचा राहिलाय," बायको म्हणाली.

"असू दे," दुकानदार म्हणाला.

कानवाला स्पीकरांच्या समोर बसला. बायको आणि मेहुणा भिंतीशी उभे. दुकानदाराने खिशातलं झाकणाचं घड्याळ काढलं. चार मिनिटं. चेक समोरच होता, कानवाल्याने नजर त्याच्यावर ठेवली. चेकच्या पलीकडे, मनात, पहिल्या मजल्यावरची ती खिडकी.

पहिलं मिनिट. काही नाही. रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

दुसरं मिनिट. मेहुणा हळूच भिंतीला चिकटून बाजूला सरकला. दुकानदाराने नम्रपणे अर्धं पाऊल मागे घेतलं, कोणाला तरी वाट द्यावी तसं.

तिसऱ्या मिनिटाला बायकोने तोंडावर हात ठेवला. ती कानवाल्याकडे बघत होती, म्हणजे त्याच्या उजव्या कानाकडे. तिघांचीही नजर तिथेच होती, आणि ती जराही हलत नव्हती. लांबच्या वस्तूकडे बघताना माणसांचे डोळे जसे असतात तसे ते नव्हते. अगदी चिकटून असलेल्या दोन वस्तूंकडे बघताना जसे असतात तसे होते.

"हो म्हण ना रे," बायको म्हणाली. आवाज सपाट राहिला नव्हता. "एकदाच. तो किती जवळून विचारतोय."

कानवाल्याने मान हलवली. त्याला काही ऐकू येत नव्हतं. फक्त उजव्या कानावरचे बारीक केस एका बाजूला झोपले, पंखा लावल्यावर होतात तसे. पंखा बंद होता. त्याने हे पाहिलं, नोंदलं, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. तीस सेकंद. वीस. पंधरा.

मग एकदम तिघंही सैल झाली. बायकोने हात खाली घेतला. मेहुण्याने श्वास सोडला. तिघांची नजर कानवाल्याच्या कानावरून उठून खोलीभर फिरली, काहीतरी शोधल्यासारखी, आणि रिकामी परत आली.

"गप्प झाला," बायको कुजबुजली. "गेला वाटतं."

आणि तेव्हा कानवाल्याला ऐकू आलं.

अगदी साधा आवाज होता. कागदावर पेनाने केलेली एक लहानशी खूण. उजव्या कानाच्या बाहेर नाही, आत. आणि त्यामागून जाड दार लागतं तसा एक दबका ठोका.

त्याचं बोट वर गेलं. हात मांडीखालून कधी निघाला ते त्याला कळलंही नाही. बोट सरळ होतं, ठाम, जराही न घुटमळणारं.

"अरे, आता तर काहीच नव्हतं," बायको म्हणाली. निदान तिचे ओठ तसे हलले. तिने पुन्हा काहीतरी म्हटलं. मग मेहुणा पुढे आला, त्याच्या तोंडासमोर वाकला, त्याचेही ओठ हलले. खिडकीबाहेर टेम्पो परत गेला, आवाजाशिवाय, चित्रातल्यासारखा. कानवाला खुर्चीत बसून तिघांकडे बघत होता, अगदी लक्ष देऊन, काचेतून बघावं तसा, आणि बोट खाली आणत नव्हता. कारण त्याच्या आतला पेनाचा आवाज काही थांबला नव्हता.

दुकानदाराने घड्याळ मिटलं. पेपरवेट उचलला, चेक घडी करून खिशात ठेवला आणि जाता जाता कानवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तर अशी ती गोष्ट. शेवटपर्यंत ऐकलीत, आता हात सैल करा. माझा दर दुकानदाराचाच आहे: जे माना डोलावत होते त्यांचं मी धरत नाही. ते तुम्ही, मागे बसलेले, पहिल्यापासून नाही-नाही म्हणत होतात ना, तुमच्याकडूनच पैसे घेणार आहे. नाही कसं? मगाशी मी बोलायचा थांबलो होतो, पाणी प्यायला, तेव्हा तुमचं बोट वर होतं. काढा.